होशंगाबादच्या क्वेकरांचे नागपुरातील कागद : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र शासन यांस,

सविनय नमस्कार.

नर्मदाकाठच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील एका लहानशा ख्रिस्ती समाजाविषयी, म्हणजे क्वेकरांविषयी, मी हे पत्र लिहीत आहे. हा जिल्हा मध्य प्रदेशात आहे याची मला जाणीव आहे. परंतु १८६१ पासून १९५६ पर्यंत त्या मुलखाचा कारभार नागपुरातून चालत होता, आणि त्या कारभाराची जी दप्तरे नागपूरच्या पुराभिलेखागारात आहेत, ती आपल्याच विभागाकडे येतात.

क्वेकर स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सपासून सुरू झालेल्या या पंथाच्या मूळ उपासनेत पाद्री नसतो आणि वेदीही नसते. सारे जण शांत बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल, मग ती बाई असो वा पुरुष, ती व्यक्ती उठून बोलते. मतदानाने ते काही ठरवत नाहीत. बैठकीचा कल ओळखून लेखनिक तिथल्या तिथे ठराव लिहितो, वाचून दाखवतो आणि सर्वांना मान्य झाला तरच तो नोंदवला जातो. देवळाचे वैभव न मिरवणाऱ्या या समाजाचा इतिहास त्यामुळे बहुतांशी कागदांवरच उरतो.

रेचल मेटकाफ ही इंग्लिश क्वेकर स्त्री १८६६ मध्ये काशीला आली आणि पुढे १८७० नंतरच्या दशकात होशंगाबाद परिसरात फ्रेंड्सचे काम रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी आश्रय दिला; तेथील हिंदी भाषक क्वेकर कुटुंबांपैकी अनेकांची मुळे त्या अनाथालयांत आहेत. होशंगाबादजवळच्या रसुलिया गावातील त्यांचे केंद्र पुढे ग्रामसेवेचे ठिकाण झाले. सेवाग्रामात नई तालीमचे, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे, काम केलेल्या मार्जरी साइक्स नंतर तेथे राहिल्या, आणि तेथेच काम केलेले डोनाल्ड ग्रूम विनोबांच्या भूदान पदयात्रेत चालले. वर्धा आणि रसुलिया यांच्यातील हे नाते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९७२ मध्ये याच केंद्राने किशोर भारती या स्वयंसेवी संस्थेच्या साथीने सोळा माध्यमिक शाळांत (सहावी ते आठवी) प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. तो पुढे जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने बंद करेपर्यंत चालला.

माझी विनंती मर्यादित आहे. मध्य प्रांताच्या सचिवालयीन दप्तरांत फ्रेंड्सच्या शाळा, दवाखाने, जमिनी आणि दुष्काळी मदत यांविषयी जो पत्रव्यवहार असेल, त्याचा शोध घेऊन स्वतंत्र सूची करावी, जीर्ण कागदांचे आधी जतन व्हावे आणि डिजिटल प्रती मध्य प्रदेशच्या अभिलेखागारास तसेच त्या समाजास विनामूल्य मिळाव्यात. सुरुवात दुष्काळाच्या कागदपत्रांपासून व्हावी. अनाथालयात दाखल झालेल्या मुलांची नावे आणि गावे त्यांत कोठे नोंदलेली असतील, तर आपले पणजोबा कोणत्या गावचे होते हे त्यांच्या वंशजांना प्रथमच कळू शकेल.

आपला नम्र,
नागपूरचा एक नागरिक