युरिक अ‍ॅसिडचा आकडा आणि गाउट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'युरिक अ‍ॅसिड वाढलंय? मग हे पदार्थ टाळा' या धर्तीचा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून येतच असतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. असं काही छापून आलं की आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढते, म्हणजे खरं तर आम्ही तक्रार करू नये. पण रिपोर्टवर ७.४ हा आकडा ठळक अक्षरांत दिसला की माणसाचा चेहरा उतरतो आणि काउंटरवरच प्रश्न येतो, "म्हणजे मला गाउट झालाय का?" गाउट म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात. निदान सांगणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. मात्र हा प्रश्न ज्या समजुतीतून येतो ती पसरवण्यात वर्तमानपत्रांचाही हात आहे, म्हणून हे पत्र.

युरिक अ‍ॅसिड प्रत्येकाच्या रक्तात असतं. पेशींमधल्या आणि अन्नातल्या प्युरीन नावाच्या घटकांचं विघटन होऊन ते तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये त्याचं पुढे आणखी विघटन करणारं युरिकेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते आपल्या पूर्वजांनी उत्क्रांतीच्या ओघात गमावलं. त्यामुळे माणसाची सगळी भिस्त निचऱ्यावर. साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडांतून जातं, उरलेलं आतड्यांवाटे. आकडा वाढतो तोही बहुतेकांच्या बाबतीत हा निचरा कमी पडल्यामुळे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शिवाय वाढलेलं वजन, मूत्रपिंडाचे विकार, रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधं हीसुद्धा कारणं असतात. रिपोर्ट दाखवताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्यावी ती यासाठीच.

शरीराच्या तापमानाला रक्तात युरिक अ‍ॅसिड, म्हणजे खरं तर युरेट हे त्याचं क्षाररूप, दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेलं राहतं. त्यापुढे त्याचे स्फटिक होऊ शकतात. तापमान जितकं कमी तितकी विरघळण्याची क्षमताही कमी, त्यामुळे हृदयापासून लांब आणि तुलनेने थंड असलेला पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा पहिल्यांदा सापडतो. रात्री झोपेत अचानक ठणका सुरू होतो, सांधा लालबुंद होऊन सुजतो, आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शदेखील सोसवत नाही.

पण 'होऊ शकतात' हे शब्द आपल्या लेखांतून नेमके गळतात. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड अंगावर बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांना गाउट कधीच होत नाही. अमेरिकेतल्या पुरुषांची वर्षानुवर्षं केलेली एक पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. तीत ९ किंवा त्याहून जास्त आकडा असलेल्यांपैकी वर्षाला सुमारे ५ टक्के लोकांना गाउट झाला. ७ ते ८.९ या गटात हे प्रमाण अर्धा टक्का होतं. म्हणजे आकडा जितका वर तितका धोका जास्त, हे खरं, पण ७.४ वाल्याने धास्तावून जावं असं त्यात काही नाही. आजार व्हायचा तर आधी सांध्यात स्फटिक साचावे लागतात आणि मग शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडाव्या लागतात. सूज आणि वेदना येतात त्या या दुसऱ्या टप्प्यात. काहीही त्रास नसताना निव्वळ आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नये, अशीच शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

याची उलट बाजू जास्त घातक. गाउटच्या ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड पुष्कळदा नॉर्मल येतं. पाय टेकवत नाही असा माणूस लॅबमध्ये येतो, आकडा ५.८ येतो, आणि घरचे म्हणतात, गाउट नाही, मुरगळला असेल. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर खरा आकडा कळतो. पक्की खात्री हवी असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून पाहावं लागतं. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली युरेटचे बारीक, टोकदार, सुईसारखे स्फटिक दिसतात, काही तर थेट पांढऱ्या पेशींच्या पोटात घुसलेले. रंगफिल्टर लावून पाहिलं तर एका दिशेतल्या सुया पिवळ्या, तिच्याशी काटकोनातल्या निळ्या. ज्याने हे एकदा पाहिलं, तो रक्तातल्या आकड्यावरून कुणाला गाउटवाला ठरवणार नाही. ही तपासणी आणखी एका कारणाने मोलाची आहे: सुजलेला, गरम सांधा आणि सोबत ताप असेल तर आत जंतुसंसर्गही असू शकतो. तिथे पथ्याचे लेख वाचत बसायला वेळ नसतो.

पथ्याबद्दल दोनच वाक्यं, कारण त्यावर आपण रकानेच्या रकाने छापता. दारू (त्यात बिअर सगळ्यात वाईट), प्राण्यांचे यकृत-मूत्रपिंडासारखे अवयव आणि फ्रुक्टोजने गोड केलेली पेयं टाळावीत हे बरोबर; पण कडधान्यं आणि पालक यांच्या नावाने जी ओरड होते तिला आधार नाही, वनस्पतींतल्या प्युरीनमुळे गाउटचा धोका वाढलेला मोठ्या अभ्यासांत दिसलेला नाही. आणि कितीही कडक पथ्य पाळलं तरी आकडा साधारण एका मिलिग्रॅमच्या आसपासच उतरतो, त्यामुळे वारंवार झटके येणाऱ्याला पथ्य पुरत नाही.

अशा माणसाला औषध लागतं, आणि आपल्या पुरवणीत त्यावर मी आजवर काही वाचलेलं नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ते कमी मात्रेत सुरू करून, रक्त तपासत, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत वाढवायचं असतं. साचलेले स्फटिक विरघळू लागले की सुरुवातीच्या काही महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. म्हणूनच डॉक्टर सोबत कॉल्चिसिनसारखं औषध देतात. हे कुणी समजावून सांगितलेलं नसलं की पेशंट 'गोळीनेच दुखणं वाढलं' म्हणून गोळी सोडतो. दुसरा एखादा दुखणं थांबलं म्हणून सोडतो. दोघांचेही स्फटिक आतच राहतात आणि काही वर्षांनी कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या सांध्यांवर खडूसारख्या गाठी दिसू लागतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं, हेही त्याला सांगितलेलं असायला हवं.

पुढच्या वेळी पदार्थांच्या यादीऐवजी एखाद्या संधिवाततज्ज्ञाकडून या औषधांविषयी लिहून घ्यावं, ही विनंती. सोबत आकड्यांचा चौकोन छापणार असाल तर त्यात 'झटक्याच्या वेळी नॉर्मल येऊ शकतो' ही ओळ तेवढी ठळक टाका.

आपली,
एक नियमित वाचक