आधी दोरा, मग सुई, स्क्रू सगळ्यात शेवटी: मिस्त्रीकाकांना पत्र

ती. मिस्त्रीकाका यांना,
सा. न. वि. वि.

सांगलीतल्या आमच्या शिवणवर्गात तुम्ही मशीन बघायला येता, तेव्हा आधी मशीनवर बसलेल्या मुलीला विचारता, "काय होतंय?" मशीन नंतर उघडता. हे पत्र त्याबद्दलच आहे. नवी मुलगी पहिल्या पंधरवड्यात शिवण सोडते ती कापड बेतता येत नाही म्हणून नव्हे. वीतभर शिवलं की दोरा तुटतो, खाली गुंता होतो, आणि आपल्या हातालाच वळण नाही असं तिला वाटायला लागतं. या प्रत्येक त्रासाला कारण असतं आणि ते शोधता येतं, हे तुम्ही प्रत्येकीला तिच्याच मशीनवर दाखवलंत.

गुंत्याचंच घ्या. दोऱ्याचं जाळं कापडाच्या खालच्या अंगाला होतं, म्हणून सगळ्याजणी बॉबिन केसकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते त्या डबीकडे, वळतात आणि तिचा बारका स्क्रू पिळतात. खरा दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोरा ओवला तर दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन्ही चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये जातच नाही, कडेवरच राहतो. मग त्याला धरून ठेवणारं काही नसतं आणि तो कापडाखाली ढिगाने ओढला जातो. म्हणून आधी फूट वर घ्यायचं, चाक आपल्याकडे फिरवून दोरा उचलणारा लिव्हर अगदी वर आणायचा आणि रिळापासून सुईपर्यंत दोरा पुन्हा ओवायचा. ओवून झाल्यावर फूट खाली टाकून दोरा हळूच ओढायचा: अडखळत यायला हवा. फूट उचललं की सुळकन यायला हवा. दोन्ही वेळा सारखाच आला तर दोरा चकत्यांत बसलेला नाही. शिवायला घेताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार बोटं टोकं फुटाच्या मागे घेऊन पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत धरायची. थांबताना लिव्हर वर असेल तिथेच थांबायचं, नाहीतर पुढच्या टाक्याला दोरा सुईतून निघून येतो.

दोरा नीट असूनही टाके सुटत असतील तर सुई. इथे तुम्ही केलेली एक गोष्ट आम्ही आता प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतो. सुईशेजारची सरकती पट्टी उघडायची, टॉर्च धरायचा आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवायचं. सुई खालच्या टोकाला जाऊन जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या नाकाजवळ दोऱ्याचा छोटासा फुगा उभा राहतो. शटलचं, म्हणजे बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या भागाचं, चोचीसारखं टोक नेमकं त्याच क्षणी त्या फुग्यात शिरतं आणि दोरा बॉबिन केसला वळसा घालून नेतं. टाका म्हणजे एवढंच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सांगावं लागत नाही: सुई पूर्ण वर सारलेली नसेल, तिच्या दांड्याची सपाट बाजू उलटी बसली असेल किंवा सुई किंचित वाकलेली असेल, तर चोच फुगा चुकवते. ज्या बाजूला सुईची लांब खाच, त्याच बाजूने दोरा ओवायचा, ही तुमची खूण कुठल्याही मशीनला चालते. सुती पोलक्याच्या कापडाला १४ नंबरची सुई, व्हॉइल आणि जॉर्जेटला ११, जीन्सला १६ किंवा १८. कापडात शिरताना सुई टक् टक् आवाज करायला लागली की ती बोथट झाली समजून बदलायची.

बॉबिन केस त्यानंतर. काठोकाठ न भरलेली बॉबिन केसमध्ये घालायची आणि दोऱ्याला धरून केस लोंबकळती सोडायची. स्वतःहून घसरत खाली गेली तर ढिली, हलका झटका देऊनही जागची हलली नाही तर घट्ट. झटक्याला थोडी उतरून थांबली तर तिला हात लावायचा नाही. स्क्रू फिरवायचाच असेल तर पाव फेऱ्याहून जास्त नाही, तोही खाली पांढरं कापड पसरून, कारण तो पडला तर सापडत नाही. केस जागेवर बसवताना टक् असा आवाज आलाच पाहिजे. अर्धवट बसलेल्या केसवर सुई आपटून मोडते. वर लाल, खाली पांढरा दोरा घालून घेतलेली चाचणीही तुमचीच. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन घट्ट, खालून लाल दिसले तर सैल.

पायाने मशीन चालवण्याचं शिक्षण मात्र आम्ही पूर्वी घाईत उरकत होतो, हे तुमच्यामुळे कळलं. चाक उलटं गेलं की दोरा तुटणारच. आता चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करून, सुई न हलवता, नुसता पायटा मारायला लावतो: एक पाय थोडा पुढे, एक मागे. चाक सलग आपल्याकडे फिरू लागलं की स्क्रू आवळून, दोऱ्याशिवाय, वहीच्या रेघांच्या कागदावर. आधी सरळ रेघ, मग चौकोन, मग गोल. कागदाने सुई बोथट होते, म्हणून ती सुई वेगळी ठेवतो. कापडाची सुरुवात मांजरपाटावर, टाका इंचाला दहा. सुळसुळीत पॉलिस्टरवर पहिल्या दिवशी बसवणं म्हणजे मुलीवर अन्याय आहे. कापड मागून ओढायचं नाही, ते फुटाखालचे दातेच पुढे नेतात. डाव्या हाताने फक्त दिशा द्यायची.

आणि २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. कृष्णेच्या पाण्यात बुडालेल्या मशीन तुम्ही भंगारात जाऊ दिल्या नाहीत, त्याचं ऋण सांगलीतल्या कितीतरी घरांवर आहे. चाक जोर लावून फिरवू नका, आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढा, उन्हात कोरडं करा, सांध्यांत रॉकेल सोडून रात्रभर ठेवा, मग पुसून प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. मोटर असेल तर तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. हे सगळं तुम्ही बायकांना शेजारी उभं करून, त्यांच्याच हातून करून घेतलंत.

आता पावसाळा तोंडावर आलाय. दमट हवेने चामड्याचे पट्टे सैल पडून चाकावरून घसरू लागतील. अर्धा इंच कापून क्लिप लावायचं काम आमच्या मुली स्वतःच करतात. तेव्हा या खेपेला हत्यारांची पिशवी घरी ठेवा आणि नुसतं चहाला या.

आपल्या,
शिवणवर्गात शिकवणाऱ्या आम्ही सगळ्याजणी
सांगली