ओव्हरलॉक

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडायला लागलीस की माझी वाचाच बसते, म्हणून लिहितोय. मला फुप्फुसाचा कॅन्सर झाला, असं तुझी आत्या गावभर सांगत सुटलीय. तसं नाही. तीन वर्षांपूर्वी आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, तिच्याच पेशी रक्तातून उजव्या फुप्फुसात जाऊन बसल्या होत्या. गाठ एकच, १२ मिलिमीटरची, अगदी कडेला. बाकी कुठे काही नाही. म्हणून तर डॉक्टर काढायला तयार झाले.

बरगड्यांच्या मधून तीन भोकं पाडली, कोटाच्या काजाएवढी. एकातून कॅमेरा. तेवढा वेळ उजवं फुप्फुस मिटवून ठेवतात, श्वास एकट्या डाव्यावर. आणि गंमत ऐक, कापायचं यंत्र म्हणजे आपलं कडा कापत शिवणारं ओव्हरलॉक मशीनच! एका दाबात मधून कापतं आणि दोन्ही कडांना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या रांगा मारतं. गाठीभोवती चांगला भाग सोडून कापतात, त्यालाही ते, आपण शिलाईबाहेर सोडतो त्या कापडासारखं, मार्जिनच म्हणतात.

मी विचारलं, "हात न घालता कळतं कसं? मी तर कापड बोटांनी ओळखतो." डॉक्टरांनी लपवलं नाही. छाती उघडून चाचपलं तर स्कॅनमध्ये न दिसलेली गाठ कधी कधी बोटाला लागते, भोकातून ते जमत नाही, म्हणाले. पण दुखणं कमी, घरी लवकर, आणि दुसरी निघालीच तर पुन्हा आत शिरणं सोपं. अमेरिकेत १९३३ साली एका बाईची, मूत्रपिंडातून फुप्फुसात गेलेली गाठ छाती उघडून काढली. ती पुढे तेवीस वर्षं जगली, गेली ती हृदयविकाराने. पण एकीच्या मापावर सगळ्यांचे कपडे बेतत नाहीत. या ऑपरेशनने आयुष्य किती वाढतं, यावर डॉक्टरांतच वाद आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मला असा माणूस बरा वाटतो.

छातीतली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली. खोकलो की बुडबुडे. आई ते मोजत बसायची. तिसऱ्या दिवशी खोकलो, बाटली गप्प, म्हणजे हवा गळायची थांबली. नळी निघाली.

आता फुप्फुस नीट फुलावं म्हणून तीन छोट्या चेंडूंच्या डबीतून श्वास ओढायचा असतो, चेंडू वर उचलले जातील असा. तिसरा चेंडू अजून हलत नाही.

धावत येऊ नकोस. तीन महिन्यांनी स्कॅन आहे, तेव्हा ये. तुझा ब्लाऊज अस्तर लावून तसाच पडलाय; हुक राहिलेत, आणि आई मशीनजवळ फिरकू देत नाही.

तुझा,
अण्णा