कोणती नदी अडवायची आणि कोणती सोडायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातील धरणमुक्त मोठ्या नद्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ज्या नाशिक शहराचे नळ गंगापूर धरणावर चालतात आणि उन्हाळ्यात रामकुंडात पाणी किती असेल हे जिथे धरणातून सुटणाऱ्या आवर्तनावर ठरते, तेथील दैनिकाने हा विषय घेतला याबद्दल आपले अभिनंदन. लेखात ॲमेझॉन, काँगो, मॅकेन्झी, लेना आणि युकॉन ही नावे एका दमात 'मुक्त' म्हणून आली आहेत. त्यात थोडी भर घालावीशी वाटते, कारण आपल्या जिल्ह्यात नार आणि पार या पश्चिमवाहिनी नद्यांच्या पाण्यावरून चाललेल्या चर्चेशी तिचा संबंध आहे.

'नेचर' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एक हजार किलोमीटरहून लांब असलेल्या जगातील नद्यांपैकी केवळ ३७ टक्के नद्या उगमापासून मुखापर्यंत मोकळ्या वाहतात. अशा मोकळ्या उरलेल्या लांब नद्या प्रामुख्याने उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात आणि ॲमेझॉन व काँगो खोऱ्यांत, म्हणजे जिथे माणूस विरळ आहे तिथे आहेत. दाट वस्तीतून वाहूनही मोकळ्या राहिलेल्या फार लांब नद्या म्हणून इरावती आणि साल्वीन यांची नावे घ्यावी लागतात, आणि त्याही थोडक्यात बचावल्या आहेत. साल्वीनवर चीनच्या हद्दीत आखलेली १३ धरणांची मालिका २००४ मध्ये पंतप्रधान वेन जियाबाओ यांनी थांबवली, तर इरावतीवरील मित्सोन धरणाचे काम म्यानमारने २०११ मध्ये लोकांच्या विरोधामुळे स्थगित केले.

लेखातील यादी बारकाईने पाहिली तर 'मुक्त' या शिक्क्याला बऱ्याच अटी जोडाव्या लागतात. ॲमेझॉनच्या मुख्य पात्रात धरण नाही हे खरे, परंतु तिला सुमारे निम्मा गाळ पुरवणाऱ्या मादेइरा या उपनदीवर सांतो अँतोनियो आणि जिराऊ ही दोन मोठी धरणे उभी आहेत. काँगोचे पात्र आडवे बांधलेले नाही, पण इंगा येथे तिच्या प्रवाहाचा काही भाग वळवून १९७२ आणि १९८२ पासून दोन वीजकेंद्रे चालतात. युकॉनवर व्हाइटहॉर्स येथे धरण आहे. लेनाचे मुख्य पात्र मोकळे आहे, मात्र तिची उपनदी विलुई अडवलेली आहे. मुख्य पात्र मोकळे आणि उपनद्या बांधलेल्या, अशा नदीला मिळणारा गाळ, पुराची वेळ आणि माशांचे मार्ग बदललेले असतात.

या संदर्भात लेखात नसलेल्या एका नदीकडे लक्ष वेधतो. कॅनडातील फ्रेझर ही सुमारे १,३७५ किलोमीटर लांबीची नदी रॉकी पर्वतातून निघून व्हँकूव्हरजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या मुख्य पात्रात आजही धरण नाही. तिचे पात्र अडले तर काय होते याची कल्पना तेथील लोकांना धरणाशिवायच आली होती. रेल्वेमार्गाच्या बांधकामामुळे १९१३-१४ मध्ये हेल्स गेट या अरुंद खिंडीत दरड कोसळली, समुद्रातून अंडी घालण्यासाठी वर चढणाऱ्या सामन माशांची वाट जवळजवळ बंद झाली आणि त्यांची संख्या कोसळली. माशांसाठी तिथे कृत्रिम मार्ग बांधले गेले ते १९४० च्या दशकात. पुढे याच नदीवर मोरान येथे प्रचंड धरण बांधण्याचा प्रस्ताव कित्येक वर्षे चर्चेत राहिला आणि अखेर बारगळला. मासेमारीचे हित हे त्यामागचे एक मोठे कारण होते. दुसरे कारण असे, की तेथील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने विजेसाठी पीस आणि कोलंबिया या दोन नद्या निवडल्या होत्या.

त्या निवडीची किंमतही सांगितली पाहिजे. पीस नदीवरील बेनेट धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने त्से के देने या मूलनिवासी लोकांना विस्थापित केले, आणि जलाशय भरत असताना शेकडो किलोमीटर खाली असलेल्या पीस-अथाबास्का त्रिभुज प्रदेशातील पाणथळे आक्रसली. हीच पीस नदी पुढे मॅकेन्झीच्या प्रणालीला मिळते, म्हणजे आपल्या लेखातील 'मुक्त' मॅकेन्झीचा एक मोठा प्रवाह उगमाकडेच अडवलेला आहे. तरीही निवड झाली होती आणि फ्रेझर कशासाठी राखायची यावर उघड वाद झाला होता, एवढे मात्र मान्य करावे लागते.

आपल्याकडे अशी निवड कधी झाल्याचे मला दिसत नाही. ब्रह्मगिरीच्या परिसरात उगम पावणारी गोदावरी पंधरा-वीस मैलही वाहत नाही तोच गंगापूरला थांबते, पुढे नांदूरमध्यमेश्वर आणि पैठणचे जायकवाडी आहेच. त्याच डोंगररांगेतून पश्चिमेला जाणाऱ्या वैतरणेवर ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर अशी तीन धरणे आहेत. दारणा इंग्रजांच्या काळातच अडवली गेली. कादवेवर करंजवण आणि पालखेड, गिरणा खोऱ्यात चणकापूर आणि गिरणा धरण. यातील एकेका धरणाची गरज मी नाकारत नाही. निफाडची द्राक्षे आणि माझ्या घरातील पाणी त्यांच्यावरच आहे. पण प्रत्येक धरणाचा विचार सुटा झाला आणि संपूर्ण जिल्ह्याचा हिशेब एकत्र मांडला गेला नाही. (गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागले यावरून पूर मोजणाऱ्या आम्हा नाशिककरांना गंगापूरचा विसर्ग तोंडपाठ असतो, पण धरणाच्या वर नदीचे काय चालले आहे हे सहसा कोणी विचारत नाही.)

आता नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. सुरगाणा आणि पेठ भागातील पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी नव्या धरणांत अडवून, उपसा करून आणि बोगद्यातून गिरणा खोऱ्यात न्यायचे आहे. मालेगाव-चाळीसगावकडची तहान खोटी नाही. मात्र समुद्राला मिळणारे सगळे पाणी वाया जाते, या एकाच युक्तिवादावर प्रकल्पाचे समर्थन व्हावे हे पटत नाही, कारण नदीमुखाजवळची खाडी, मासे आणि किनाऱ्याला लागणारा गाळ हे त्याच पाण्यावर अवलंबून असतात. शिवाय सुरगाण्यात धो-धो पाऊस पडूनही अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात, त्यांच्या वाट्याला या योजनेतून नेमके काय येणार हे आधी स्पष्ट व्हायला हवे. पार-तापी-नर्मदा योजना आदिवासींच्या विरोधानंतर रद्द करत असल्याचे गुजरात सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

माझी मागणी मर्यादित आहे. नव्या धरणांच्या निविदा निघण्यापूर्वी जलसंपदा विभागाने जिल्ह्यातील प्रत्येक नदीचा आणि मोठ्या ओढ्याचा नकाशा प्रसिद्ध करावा. कोणता प्रवाह कुठे अडवला आहे, किती लांबीपर्यंत मोकळा आहे, त्यावर कोणत्या गावांचे पिण्याचे पाणी आणि मासेमारी अवलंबून आहे, हे त्यात असावे. तो मराठीत, ग्रामसभांसमोर ठेवावा. त्यानंतर नार, पार किंवा त्यांच्या शेजारची एखादी नदी उगमापासून राज्याच्या सीमेपर्यंत न अडवता ठेवायची का, यावर सुरगाणा आणि पेठ येथे जाहीर सुनावणी घ्यावी. अल्बानियाने २०२३ मध्ये व्योसा नदीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला; आपल्याकडे एवढे कोणी मागत नाही. निदान नकाशा तरी निविदेच्या आधी यावा, आणि आपल्या दैनिकाने तो मिळेपर्यंत पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पंचवटी, नाशिक