१ मे : मिस्सा वेदीपाशी, झेंडा अंगणात

मा. संपादक,
स. न.

१ मे रोजी वसईतल्या आमच्या चर्चच्या अंगणात दोन निमित्ते एकत्र येतात. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी हा दिवस कामगार संत योसेफाच्या (येशूचे पालक, व्यवसायाने सुतार) स्मरणासाठी ठेवला आणि १९६० पासून तोच महाराष्ट्र दिन. पण एका दिवशी आली म्हणून ती एकमेकांत कालवायची नसतात. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या, शेवटच्या भक्तिगीताच्या जागी राष्ट्रगीत घेणे, वेदीला तिरंगा पांघरणे हे प्रेमापोटीच होते, तरी चूक आहे. ध्वजसंहितेला भाषणाच्या टेबलावर झेंडा अंथरलेलाही चालत नाही, मग वेदीची गोष्ट दूरच. अखेरचा आशीर्वाद होऊ द्यावा, मग सगळ्यांनी बाहेर यावे.

वेळेचे गणित आधी सोडवावे लागते. शासनाच्या दरवर्षीच्या सूचनांप्रमाणे मुख्य ध्वजारोहण सकाळी ८ वाजता असते आणि ७.१५ ते ९ या वेळात इतरांनी समारंभ ठेवू नये, असे सांगितलेले असते. नऊनंतर मे महिन्याच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना उभे करणे बरे नव्हे. म्हणून मिस्सा सहाला, झेंडा पावणेसातला. त्यासाठी प्रवचन सात मिनिटांत आटोपायला हवे. त्या दिवशी वाचायचे बायबलमधले शुभवर्तमान (मत्तय १३ : ५४-५८) नासरेथच्या लोकांनी येशूकडे बघून ‘हा सुताराचाच मुलगा ना?’ म्हणून नाक मुरडल्याचे आहे. श्रमाविषयी बोलायला फादरांना आणखी काही शोधावे लागत नाही. मात्र १ मे रविवारी आला, जसा तो २०२२ साली आला होता, तर पुनरुत्थान काळातल्या रविवारचीच उपासना होते. तेव्हा कामगारांची आठवण श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत घ्यावी.

कामाची अवजारे अर्पणाच्या मिरवणुकीत आणू नयेत. ती मिरवणूक भाकर, द्राक्षारस आणि गरिबांसाठीच्या दानाची आहे. कोयता, थापी, जाळे, शिवणाची कात्री मिस्सेआधीच योसेफाच्या मूर्तीपाशी वेगळ्या टेबलावर मांडावी आणि शेवटी आशीर्वाद द्यावा. पात्याला फडके गुंडाळावे, मुले हात लावतातच.

झेंड्याची गडबड बहुतेक खांबापासून सुरू होते. सणाच्या झेंड्याचा खांब वापरायचा असेल तर त्याच्या टोकावरचा क्रूस, हार, पताका आधी उतरवावी, कारण राष्ट्रध्वजाच्या खांबावर किंवा त्याच्या वर काहीही असू नये असा नियम आहे. (चर्चच्या मनोऱ्यावरचा क्रूस खांबापेक्षा उंच आहे म्हणून दरवर्षी कुणीतरी शंका काढतो. तो ध्वज नाही, त्याची काळजी नको.) शेजारी पोपचा पिवळा-पांढरा झेंडा लावायचाच असेल तर वेगळ्या खांबावर, तिरंग्यापेक्षा उंच नाही असा, आणि समोरून पाहणाऱ्याला तिरंगा डावीकडे दिसेल असा. चक्र छापलेल्या कागदी झेंड्यांच्या माळा टाळाव्यात. तोरण म्हणून झेंडा वापरता येत नाही. नुसत्या रंगीत पताका चालतात.

पंधरा-अठरा फुटी खांबाला ९०० × ६०० मिमीचा झेंडा पुरतो. दोरी खांबाच्या दुप्पट अधिक तीन-चार फूट. खाऱ्या हवेने कप्पी गंजते, म्हणून आदल्या संध्याकाळी तेलाचे दोन थेंब सोडून दोरी चारदा वर-खाली ओढून बघावी. झेंड्याच्या ज्या टोकाला लाकडी दांडी असते ते केशरी पट्टीकडचे. ते वरच्या दोरीला. घाईत हेच उलटते. घडीत मूठभरच पाकळ्या घालाव्यात, त्याही सुक्या. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून बसतात आणि झेंडा अर्धवट उघडतो. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. सैल वाटते म्हणून वरून दुसरी मारली, की पाहुणे दोरी ओढत राहतात आणि लोक आभाळाकडे बघत राहतात.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. गायकवृंदातल्या एकाने पेटीवर सूर द्यावा, नाहीतर सुरुवातच इतकी उंच होते की शेवटच्या जयघोषाला आवाज फाटतो. त्यानंतर राज्यगीत. २०२३ पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ला तो मान आहे. त्यासाठी ठरवलेली दोन कडवी १ मिनिट ४१ सेकंदांत होतात, तेव्हा पूर्ण ध्वनिमुद्रण लावू नये. उभे राहण्यातून आजारी, वृद्ध, दिव्यांग, गर्भवती आणि लहान मुलांना सूट आहे. कडेला पंचवीस-तीस खुर्च्या असाव्यात. बाहेरचा कर्णा सकाळी सहाच्या आत सुरू करू नये, तो कायदाच आहे.

भाषणे मुळीच नसली तरी चालेल. त्याऐवजी फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या चार-पाच ओव्या वाचाव्यात. १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलेला हा मराठी ग्रंथ या दिवशी आठवायचा नाही तर कधी? मात्र वाचणाऱ्याने दोनदा सराव करावा. ओवी गद्यासारखी धावत वाचली की यमक हरवते. सोबत आपल्या वसईच्या बोलींतले एखादे सामवेदी आणि एखादे वाडवळी गीत असावे.

दोनशे माणसांना लिंबू सरबत करायचे तर ४० लिटर पाणी, ४ किलो साखर, ९० ते १०० लिंबे आणि १०० ग्रॅम मीठ. थंड पाण्यात साखर तळाशी बसते, म्हणून रात्रीच ३ लिटर पाण्यात पाक करून ठेवावा; हे ३ लिटर चाळिसातलेच. लिंबे मात्र सकाळी पिळावीत, रात्रीचा रस कडवटतो. मासळीसाठीचा बर्फ भांड्यात टाकू नये, बाहेरून लावावा.

आणि संध्याकाळ. सकाळी झेंड्याभोवती शंभर हात असतात, सातच्या सुमारास सूर्य मावळताना एकही नसतो, कारण मे महिना लग्नांचा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रात्री झेंडा ठेवता येतो, पण ती सवलत विसरभोळ्यांसाठी नाही. उतरवणाऱ्या दोघांची नावे आधीच फलकावर लिहावीत, त्या दिवशी कुणाच्या लग्नाला न जाणाऱ्यांची. झेंडा सावकाश उतरवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, दमट असेल तर सावलीत वाळवून मगच घडी करायची.

— चर्चच्या कार्यक्रम समितीचे काही सदस्य, वसई