अंतर नव्हे, उजेड मोजावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात परदेशी स्वतः गाडी चालवत फिरण्याचा बेत आखताना अनेक जण नकाशावरचे किलोमीटर मोजतात. आइसलँडमध्ये मात्र आधी उजेडाचे तास मोजावे लागतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात राजधानी रेक्याविकला सूर्य सकाळी ११ नंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. त्यामुळे देशाला वळसा घालणारा सुमारे १३०० किलोमीटरचा महामार्ग आठवड्यात संपवण्याचा हट्ट न धरता, दक्षिण किनाऱ्यावरील स्कोगाफॉस धबधबा, वीक गावाजवळचा काळ्या वाळूचा किनारा आणि हिमखंड तरंगणारे योकुल्सारलोन सरोवर एवढेच ठरवून वाटेत दोन-तीन मुक्काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्या तिरप्या, सोनेरी उन्हात हा छोटा टप्पाही डोळ्यांत मावत नाही.

बर्फाची भीती सर्वांनाच असते. वाऱ्याचा विचार फारसा कोणी करत नाही. तेथील वारा गाडीचा उघडलेला दरवाजा बिजागरीसह उलटा फिरवू शकतो, म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवावी, दरवाजा घट्ट धरूनच उघडावा आणि अशा नुकसानीला विमा लागू आहे का, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. अंतर्भागातील डोंगरी रस्ते हिवाळ्यात बंदच असतात. उरलेल्या रस्त्यांची स्थिती आणि हवामानाचा इशारा रोज सकाळी निघण्यापूर्वी पाहावा, आणि मुक्काम एक दिवस वाढवता येईल एवढी मोकळीक परतीच्या विमानापूर्वी अवश्य ठेवावी.

आपली,
एक प्रवासप्रेमी वाचक