सईचा डोळा

प्रिय मंगल,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. सईचा एक डोळा नाकाकडे वळतो, डॉक्टरांनी चष्मा आणि पट्टी सांगितलीय, आणि तू घाबरून गेली आहेस. फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच रडतेस नि मी मध्येच डॉक्टर होते, मग दोघींच्याही हाती काही लागत नाही. म्हणून लिहून काढते. भाऊजींना वाचायला दे, आणि सासूबाईंना तर नक्कीच.

सईच्या डोळ्याचे स्नायू कमजोर आहेत हे तुला कुणी सांगितलं? आधी ते डोक्यातून काढ, आणि यूट्यूबवर बघून चालवलेले ते डोळे गरागरा फिरवायचे व्यायामही बंद कर. हवं तर स्वतःच बघ. तिचा चांगला डोळा तळहातानं झाक आणि समोर एखादं खेळणं धर. आत वळलेला डोळा सुतासारखा सरळ होऊन खेळण्याकडे बघेल. खेळणं कानाच्या बाजूला नेलंस की डोळाही तिकडे जाईल. मग ताकद कमी कुठे आहे? ज्यांची नसच दुखावलेली असते त्यांचा डोळा एका दिशेला जातच नाही. ते दुखणं वेगळं. तू सांगतेस त्यावरून सईचं तसं वाटत नाही.

मोठ्या माणसाचा डोळा म्हणजे जेमतेम 24 मिलिमीटरचा गोळा, खोबणीतल्या चरबीत बसलेला. त्याला बाहेरून सहा स्नायू. चार सरळ: खोबणीच्या अगदी तळाशी, डोळ्याच्या मुख्य नसेभोवती एक कडं असतं, तिथून निघून पुढे येतात आणि डोळ्याच्या चार बाजूंना चिकटतात. नाकाकडचा डोळा आत ओढतो, कानशिलाकडचा बाहेर, वरचा वर, खालचा खाली. उरलेले दोन तिरके, आणि त्यातला वरचा माझा लाडका. तोही तळातूनच निघतो, पण थेट डोळ्याला न भिडता खोबणीच्या वरच्या-आतल्या कोपऱ्यात जातो. तिथे कूर्चेची एक चिमुकली कप्पी आहे, विहिरीवर असते तशीच. तिच्यातून त्याचा दोर वळसा घेऊन मागे येतो नि डोळ्याच्या माथ्यावर चिकटतो. त्यामुळे हा स्नायू मागून निघाला तरी डोळ्याला ओढतो पुढच्या कोपऱ्याकडून. हा लुळा पडलेली मुलं मान एका खांद्याकडे कलवून बसतात, कारण तसं केलं की दोन-दोन दिसणं थांबतं. आईबाप मात्र मानेच्या डॉक्टरांकडे खेटे घालत राहतात.

पण खरी करामत स्नायूंची नाही, हुकमाची आहे. तू उजवीकडे बघतेस तेव्हा उजव्या डोळ्याचा बाहेरचा आणि डाव्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू, दोघांना एकाच वेळी सारखाच हुकूम जातो. त्याच क्षणी समोरच्या जोडीदारांना ढिलं पडायचा हुकूम जातो. हे सगळं इतक्या झटक्यात होतं की आपल्यालाच पत्ता लागत नाही. आरशासमोर उभी राहून एकदा डाव्या डोळ्याकडे, एकदा उजव्या डोळ्याकडे बघ. डोळे हललेले तुला दिसणारच नाहीत, कारण त्या झटक्यापुरतं मेंदू दिसणंच दाबून टाकतो. शेजारी उभ्या सईला मात्र तुझे डोळे हलताना स्पष्ट दिसतील.

आता सईकडे येते. डोळ्याच्या आतही एक स्नायू असतो, भिंगाभोवती गोल. जवळचं बघताना तो आवळला जातो, भिंग फुगतं आणि अक्षर स्पष्ट होतं. निसर्गानं या आतल्या स्नायूचा आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवणाऱ्या स्नायूंचा हुकूम एकमेकांना बांधून ठेवलाय. बरोबरच आहे, जवळचं बघायचं तर दोन्ही गोष्टी हव्यातच. सईला प्लस नंबर आहे, म्हणजे तिला लांबचं स्पष्ट दिसायलासुद्धा आतला स्नायू आवळावा लागतो आणि जवळच्यासाठी तर दुप्पट मेहनत. ती मेहनत झाली की बांधलेला दुसरा हुकूमही सुटतो आणि डोळा नाकाकडे जातो. म्हणून चित्रं रंगवताना जास्त, गच्चीवर खेळताना कमी. स्नायू कमजोर नाही गं, नको तेवढं काम करतोय.

म्हणूनच चष्मा हेच औषध. चष्मा ती मेहनत स्वतःच्या अंगावर घेतो, आतला स्नायू सैल पडतो, डोळा सरळ होतो. थोड्या दिवसांनी तू मला हमखास फोन करशील की चष्मा काढला की डोळा आधीपेक्षाही जास्त आत जातो, चष्म्यानं बिघडला! सगळ्या आया करतात. बिघडत नाही. चष्म्यातून स्वच्छ दिसायची गोडी लागलेली असते, तो काढला की ती तेवढंच स्वच्छ बघायला झटते, एवढंच. अंघोळ आणि झोप सोडून चष्मा डोळ्यांवरच हवा.

सासूबाई म्हणतात तिरळी पोर म्हणजे घरची लक्ष्मी, डोळ्याला हात लावू नका. लक्ष्मी तर ती आहेच, चष्मा लावूनही राहील. पण थांबण्यात काय जातं ते त्यांना सांग. मोठ्या माणसाचा डोळा अचानक वळला तर त्याला दोन-दोन दिसतं. लहान मुलाचा मेंदू हुशार, तो वळलेल्या डोळ्याचं चित्र सरळ पुसून टाकतो. मूल तक्रार करत नाही, आणि तो डोळा बघायला शिकतच नाही. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. पट्टी त्यासाठी. पट्टीनं डोळा सरळ होत नाही, नजर वाढते. आणि ती चांगल्या डोळ्यावर लावायची! वळलेल्या डोळ्यावर पट्टी लावून आलेली मुलं मी कितीतरी बघितली आहेत. किती तास ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण लहानपणीच काय ते पदरात पडतं.

ऑपरेशनची भीती आत्ता नको. चष्मा लावूनही डोळा बराच वळलेला राहिला तरच तो विषय. आणि डोळा बाहेर काढून टेबलावर ठेवतात हे कुठून ऐकलंस? डोळा जागचा हलत नाही. पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण जरासं उघडायचं, आकडा सरकवून स्नायू उचलायचा. लाल, चपटी पट्टी असते, टोकाला पांढुरकी होत गेलेली. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. तो सोडवून, मोजून, काही मिलिमीटर मागे टाका घालायचा, म्हणजे त्याची ओढ कमी होते. स्नायू ओढला की कधी कधी हृदयाचे ठोके मंदावतात. मॉनिटरची टुकटुक रेंगाळली की भूलवाले डॉक्टर म्हणतात, "मॅडम, सोडा." मी सोडते, ठोके पूर्ववत होतात, पुन्हा सुरू. 1839 साली बर्लिनमध्ये डिफेनबाख नावाच्या सर्जननं एका सात वर्षांच्या मुलाचा हाच स्नायू कापून तिरळेपणा घालवला, तेव्हा भूल द्यायची सोयसुद्धा नव्हती. त्या पोराच्या आईचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

एक मात्र मला उलट टपाली कळव. तुमच्याकडे नंबर काढण्याआधी सईच्या डोळ्यात काही दिवस ॲट्रोपिनचं मलम घालायला सांगितलं होतं का, किंवा निदान बाहुली मोठी करणारे थेंब तरी घातले होते का? आतला स्नायू औषधानं सैल केल्याशिवाय या वयात प्लस नंबर पुरता बाहेर येत नाही, मुलं तो दाबून ठेवतात. तसं झालं नसेल तर आधी ते करून घ्या आणि मगच चष्म्याची फ्रेम घ्या. मलम घातल्यावर आठवडा-दीड आठवडा तिला उजेड खुपेल, जवळचं धूसर दिसेल. घाबरू नकोस, उन्हात टोपी घाल. आणि नंबराच्या चिठ्ठीचा फोटो पाठव.

तुझी,
नीला